बाबांचे अडीच डबे आणि ते निळं प्लॅकार्ड

दिवाळीनंतरचा शनिवार होता, २०२४ चा नोव्हेंबर. कॅलिफोर्नियात, आमच्या सनीव्हेलला एल कॅमिनो रस्त्यावरच्या इंडियन ग्रोसरीत तोबा गर्दी, पार्किंगमध्ये दोन चकरा मारल्या तेव्हा कुठे पार पलीकडच्या टोकाला जागा मिळाली. मी कार्ट घ्यायला पुढे गेले आणि मागे वळून बघते तर बाबा एका ट्रकपाशी उभे राहून चष्मा पुसतायत. मी थांबले. ते आले, थोडं चालले, परत थांबले, परत चष्मा काढून रुमालाने पुसायला लागले. दुकानाच्या दाराशी पोचेपर्यंत तीन वेळा. तिसऱ्या वेळेला माझ्या लक्षात आलं की चष्मा स्वच्छच आहे, बाबा दम खातायत.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मागचे सहा महिने एकेक करून आठवत गेले. जूनमध्ये सॅन होजेला बीएमएमचं, म्हणजे इथल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, अधिवेशन होतं, तिथे बाबा दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तुम्ही जा, मला त्या गर्दीत नको वाटतं." डोंबिवलीच्या गणपतीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फिरणारा माणूस हा. लायब्ररीत गेलो की "तू पुस्तकं बदलून ये, मी गाडीतच बसतो." देवळात जायचं म्हटलं की "आज घरीच हात जोडतो." आम्हाला वाटायचं आई गेल्यापासून त्यांचं मन लागत नाही, त्यातून हे होतंय. मनाचं असेलही थोडं, पण खरं कारण गाडीपासून दारापर्यंतचं अंतर होतं आणि ते त्यांनी आम्हाला एकदाही सांगितलं नव्हतं.

बाबा ७६ वर्षांचे. बायपास मुंबईतच झाली होती, पुढे हृदय कमजोर होत गेलं, आता त्याला हार्ट फेल्युअर म्हणतात. हा शब्द ऐकला की लोक घाबरतात, पण बाबा बसलेले असताना बघितलंत तर ठणठणीत वाटतील. आवाज खणखणीत, गप्पा मारायला बसले की समोरच्याला उठू देत नाहीत, शब्दकोडं सोडवतात, नातीला पाढे शिकवतात. फक्त चालायला लागले की गणित बिघडतं.

पुढच्या अपॉइंटमेंटला मी हट्टाने आत गेले त्यांच्याबरोबर. कार्डिओलॉजिस्टनी विचारलं की न थांबता किती चालता येतं. बाबांनी दोन मिनिटं विचार केला आणि मला मराठीत म्हणाले, "अडीच डबे."

मी भाषांतर करायच्या ऐवजी नुसती बघत राहिले. मग त्यांनी समजावलं. चौतीस वर्षं डोंबिवली ते सीएसटी केलं त्यांनी, तेव्हा व्हीटी म्हणायचे, आणि प्लॅटफॉर्मवर आपला डबा कुठे येतो, जिन्यापासून तो किती डबे लांब आहे, हे पायांनाच माहिती असायचं. त्यांच्यासाठी अंतर म्हणजे डबे. लोकलचा एक डबा साधारण वीस मीटरचा, अडीच डबे म्हणजे पन्नास मीटरच्या आसपास, म्हणजे एकशे साठ-पासष्ट फूट. हे मी डॉक्टरांना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत, शांतपणे लिहून घेतलं आणि म्हणाल्या, क्लास थ्री, तुम्ही अपंगांच्या पार्किंग परमिटसाठी अर्ज का नाही केला अजून? म्हणजे दाराजवळ निळ्या रंगाने राखून ठेवलेल्या जागांत गाडी लावायची परवानगी.

हा क्लास थ्री काय ते सांगते, कारण सगळी मेख त्यात आहे. हृदयरोग्याला दैनंदिन हालचाल किती झेपते त्यावरून चार वर्ग करतात. तिसरा म्हणजे बसल्या जागी काही त्रास नाही पण नेहमीपेक्षा कमी हालचालीतही दम लागतो, आणि चौथा म्हणजे बसल्या जागीसुद्धा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की हृदयविकारामुळे तिसऱ्या किंवा चौथ्या वर्गात मोडणारा माणूस या परमिटला पात्र आहे. व्हीलचेअर असायला पाहिजे, काठी पाहिजे, असं काही नाही. फुफ्फुसाच्या आजारालाही असाच आकडा आहे, जोरात श्वास सोडताना पहिल्या सेकंदात एक लिटरपेक्षा कमी हवा बाहेर पडत असेल, किंवा आराम करतानाही रक्तातला ऑक्सिजनचा दाब ६० च्या खाली असेल, तर तुम्ही पात्र. पाय गमावलेला असेल, दोन्ही हात निकामी असतील, सांध्यांच्या किंवा मज्जातंतूंच्या आजाराने चालणं खूपच कमी झालं असेल, नजर ठरावीक मर्यादेपेक्षा अधू असेल, हे सगळं यात येतं. आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारची १९९१ ची जी नियमावली आहे, जिच्यावरून बऱ्याच राज्यांनी आपापले नियम बेतलेत, तिच्यात पहिलाच निकष आहे: मध्ये न थांबता, विश्रांती न घेता २०० फूट चालता येत नाही असा माणूस.

२०० फूट. मी गाडीत बसल्याबसल्या हिशोब केला, ते तीन डबे होतात. बाबांचे अडीच.

मला वाटलं आता काम सोपं. फॉर्म भरायचा, सही घ्यायची, पाठवायचा. पण घरी येऊन विषय काढला तर बाबांनी ताट सरकवलं. "मी अपंग नाही."

दोन आठवडे हे चाललं. नवऱ्याने समजावून बघितलं, भावाने पुण्याहून फोन केला, नातीने तर आजोबांच्या मांडीवर बसून सांगितलं. एकच उत्तर. मला आधी वाटलं हा मानाचा प्रश्न आहे, वय झालेलं मान्य करायला नको वाटतं, असं होतंच आपल्या माणसांचं. पण एक दिवस चहा पिताना ते आपणहून बोलले आणि मग मला कळलं की हे काहीतरी वेगळंच आहे.

लोकलला अपंगांचा डबा असतो ना, मुंबईकरांना सांगायला नकोच. बाबांच्या त्या काळात, आणि आत्ताही, धडधाकट माणसं सर्रास त्या डब्यात घुसतात. बाबा स्वतः कधी चढले नाहीत. आठ वाजून अमुक मिनिटांच्या फास्टला दाराला लोंबकळत गेले, पण त्या डब्याकडे वळले नाहीत, आणि जे चढायचे त्यांच्याशी प्लॅटफॉर्मवर उभं राहून भांडायचे. एकदा त्यांच्या ऑफिसमधला कुबड्या घेऊन येणारा सहकारी त्या घुसखोरांमुळे दादरला चढूच शकला नाही, तीन गाड्या सोडल्या त्याने. हे सांगताना बाबांचा आवाज चढला, इतक्या वर्षांनी. "आणि आता मी तेच करू? दोन्ही पाय धड असून? त्या निळ्या जागेत कोणी खरा गरजू आला आणि मी तिथे गाडी लावून बसलोय, तर त्या घुसखोरांत आणि माझ्यात फरक काय?"

मी काय बोलणार? इतकी वर्षं त्यांनी पाळलेली गोष्ट होती ती. त्यांना फक्त इतकं विचारलं, "बाबा, त्या डब्यावर काय लिहिलेलं असायचं?"

ते म्हणाले, "अपंग आणि कॅन्सर रुग्णांसाठी."

"कॅन्सरच्या पेशंटला दोन्ही पाय धड असतात ना?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फॉर्म दाखव."

तर फॉर्मबद्दल. डीएमव्ही म्हणजे इथलं आरटीओ, त्यांचा आरईजी १९५ नावाचा फॉर्म असतो, वेबसाइटवर मिळतो. पहिला भाग अर्जदाराचा आणि दुसरा भाग डॉक्टरांचा. डॉक्टरच पाहिजेत असंही नाही, नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंटची सही चालते, नजरेसाठी ऑप्टोमेट्रिस्टची, पायांसाठी कायरोप्रॅक्टरची, गरोदरपणात त्रास असेल तर सर्टिफाइड मिडवाइफचीही. पाय किंवा दोन्ही हात नसल्याचं उघड दिसत असेल आणि तो माणूस स्वतः ऑफिसात गेला तर डॉक्टरची सहीसुद्धा लागत नाही. अर्जदाराच्या पूर्ण नावाचा आणि जन्मतारखेचा पुरावा जोडावा लागतो, आम्ही पासपोर्टची कॉपी लावली.

आमचा पहिला अर्ज परत आला. क्लिनिकमधून सही झाली होती पण डॉक्टरांच्या लायसन्स नंबरचा रकाना रिकामाच राहिला होता, आणि मीसुद्धा न बघता पाकिटात घातला. यात महिना गेला. म्हणून सांगते, डॉक्टरांच्या भागातला प्रत्येक रकाना तिथेच काउंटरवर उभं राहून वाचा. सही, तारीख, लायसन्स नंबर, आणि कायमचं की तात्पुरतं ही खूण. संकोच करू नका, "एकदा बघून घेते हं" म्हणायला काही लागत नाही. एक महिना आपल्याला छोटा वाटतो, पण ज्याला दारापर्यंत चालायचंय त्याचा तो महिना घरात बसून जातो. बाबांचा गेला.

दोन प्रकारची प्लॅकार्ड असतात, आरशाला अडकवायचे पुठ्ठे म्हणा ना. निळं म्हणजे कायमचं आणि लाल म्हणजे तात्पुरतं. कायमच्याला पैसे पडत नाहीत, एक डॉलरही नाही. त्याची मुदत दोन वर्षांची असते आणि ती सगळ्यांची एकाच दिवशी संपते, विषम वर्षाच्या ३० जूनला, त्यामुळे आम्हाला जानेवारी २०२५ मध्ये मिळालं त्यावर जून २०२५ लिहिलेलं बघून मी दचकले होते, पण त्याआधी नवीन आपोआप पोस्टाने आलं. फक्त दर सहा वर्षांनी एक नोटीस येते, तिच्यावर सही करून परत पाठवावी लागते, हा नियम २०२३ पासून लागू झालाय. लालची फी सहा डॉलर आणि मुदत जास्तीत जास्त १८० दिवस. माझ्या मैत्रिणीचं गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला कोणी सांगितलंच नाही की असं काही मिळतं, चार महिने ती कुबड्यांवर ऑफिसच्या पार्किंगमधून चालत गेली. मला तेव्हा माहिती असतं तर मीच फॉर्म नेऊन दिला असता.

नंबर प्लेट हा तिसरा पर्याय. व्हीलचेअरचं चिन्ह असलेली प्लेट गाडीला लागते, पण गाडी त्या माणसाच्या नावावर असायला पाहिजे, एकट्याच्या किंवा जोडीने. प्लेटला वेगळा चार्ज नाही, नेहमीची रजिस्ट्रेशन फी तेवढी भरायची, आणि प्लेट असली तरी सोबत एक प्लॅकार्ड घेता येतं, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या गाडीतून जाताना उपयोगी पडतं. बाबांच्या नावावर गाडी नाही, ते इथे चालवतही नाहीत, म्हणून आम्ही प्लॅकार्डच घेतलं. खूप जणांचा असा समज असतो की स्वतः गाडी चालवणाऱ्यालाच परमिट मिळतं. तसं नाही. परमिट माणसाला असतं, गाडीला नाही. बाबा माझ्या गाडीत असले तर माझ्या गाडीत, भाचा घेऊन गेला तर त्याच्या गाडीत.

आणि म्हणूनच बाबा गाडीत नसतील तर ते प्लॅकार्ड आरशाला लावायचं नाही. यावर मी जरा थांबणार आहे. आपल्या लोकांमध्ये मी स्वतः ऐकलंय, "अगं सासूबाईंचं आहे की, लाव बिनधास्त, कोण बघतंय." फेब्रुवारीत एका संध्याकाळी धो धो पाऊस, बाबांचीच औषधं आणायला एकटी गेले होते, फार्मसीसमोर निळी जागा रिकामी आणि प्लॅकार्ड ग्लव्ह बॉक्समध्ये. मनात आलं की औषधं तर त्यांचीच आहेत. मग मला दादर स्टेशनवरचे ते कुबड्यावाले काका आठवले, ज्यांना मी कधी बघितलंही नाही, आणि मी पुढे जाऊन लांब गाडी लावली. कायद्याने बघितलं तरी हा गुन्हा आहे, गैरवापराला २५० ते १००० डॉलर दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. परमिट नसताना निळ्या जागेत गाडी लावली तर काय, ते तर पाटीवरच लिहिलेलं असतं, किमान दंड २५० डॉलर.

तरी गैरवापर होतोच. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टेट ऑडिटरने तपासलं तेव्हा शंभर किंवा त्याहून जास्त वय असलेल्या प्लॅकार्डधारकांची संख्या २६,००० च्या आसपास निघाली, आणि सगळ्या राज्यात तेवढ्या वयाची जिवंत माणसं अंदाजे ८,०००. म्हणजे माणूस गेला तरी त्याचा पुठ्ठा कोणीतरी आरशाला लावून फिरत होतं. तो परत करायचा असतो. त्यानंतरच ओळखीचा पुरावा आणि सहा वर्षांची सही हे नियम कडक झाले. बाबांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "बघ, घुसखोर इथेही आहेत." पण त्यांच्या बोलण्यात मला राग कमी आणि सुटका जास्त वाटली, कारण तोपर्यंत त्यांची स्वतःची सही त्या फॉर्मवर झालेली होती, सरळमार्गाने, डॉक्टरने मोजून.

प्लॅकार्ड आलं त्या दिवशी मी ओट्यावर उघडलं. साधा प्लॅस्टिकचा निळा पुठ्ठा, वर हुकासारखा आकडा, मध्ये पांढरं चिन्ह, नंबर आणि मुदत, सोबत एक ओळखपत्रासारखा कागद जो जवळ ठेवायचा कारण पोलीस मागू शकतात. बाबांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला, मागच्या बारीक अक्षरातल्या सूचना चष्मा लावून सगळ्या वाचल्या. गाडी चालवताना आरशावरून काढून ठेवा, ही सूचना त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवली. त्या दिवसापासून तो काढणं-घालणं हे काम त्यांचं. गाडी थांबली की अडकवतात, निघायच्या आधी काढून मांडीवर ठेवतात. मला हात लावू देत नाहीत.

त्या पुठ्ठ्याने काय काय मिळतं? निळ्या जागा आणि निळ्या रंगाने रंगवलेली फुटपाथची कड, हे तर झालंच. हिरव्या कडेला जिथे इतरांना दहा-वीस मिनिटंच थांबता येतं तिथे हवा तेवढा वेळ, रस्त्यावरच्या मीटरला पैसे नाहीत, आणि रहिवाशांच्या परमिटवाल्या गल्लीतही गाडी लावता येते. लाल, पिवळ्या, पांढऱ्या कडेला मात्र नाही. खाजगी गॅरेजवालेही फुकट सोडतील असं नाही. आणि निळ्या जागेच्या बाजूला जे तिरके पट्टे मारलेले असतात तिथे कोणीच, प्लॅकार्ड असलं तरी, गाडी लावायची नाही. मला आधी वाटायचं ती नुसती रंगवलेली मोकळी जागा. ती किमान पाच फूट रुंद ठेवतात, व्हॅनच्या जागेला आठ फुटांपर्यंत, कारण व्हॅनमधून रॅम्प उतरतो आणि त्याच्यावरून व्हीलचेअर खाली येते. एकदा कोणीतरी तिथे मोटरसायकल उभी केली होती आणि एक बाई आपल्या व्हीलचेअरवर बाहेर, व्हॅनच्या शेजारी, चाळीस मिनिटं थांबून होती, आत चढता येईना. बाबा तिच्याजवळ उभे राहिले तो माणूस येईपर्यंत. अडीच डब्यांचा माणूस, चाळीस मिनिटं उभा. मी बसा म्हटलं तर म्हणाले, "ती बाहेर असताना?"

आणि हो, आम्हालाही एकदा ऐकून घ्यावं लागलं. एका दुकानाबाहेर एक बाई आपल्याच बाजूच्या, हिंदीत म्हणाल्या, अंकल तो बिलकुल फिट लगते हैं. आवाजात टोमणा होता. बाबांचा चेहरा पडला, ते परत गाडीत बसायला निघाले. मी त्या बाईंना एवढंच सांगितलं की यांचं हृदय तुम्हाला दिसत नाही. त्या ओशाळल्या, सॉरी म्हणाल्या. पण बाबांना त्या दिवशी आत न्यायला मला खूप वेळ लागला. त्या बाईंवर राग धरून काय करू, मी स्वतःसुद्धा पूर्वी निळ्या जागेतून टुणकन उतरणाऱ्या माणसाकडे तशाच नजरेने बघितलेलं आहे. आता बघत नाही. त्या चिन्हात व्हीलचेअर आहे म्हणून आपण व्हीलचेअर शोधतो. १९६८ मध्ये सुझान कोफोड नावाच्या डॅनिश विद्यार्थिनीने ते काढलं तेव्हा त्याला डोकंसुद्धा नव्हतं, नुसती खुर्ची होती, डोक्याचा गोळा नंतर जोडला. खुर्ची हे चिन्ह आहे, अट नाही.

भारतातल्या मित्रमैत्रिणींनी विचारलं म्हणून सांगते. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात आता २१ प्रकार आहेत, आधी सातच होते. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन्स हे आलेत, आणि ही मोठी गोष्ट आहे. बहुतेक सवलतींना ४० टक्के अपंगत्वाची अट आणि त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी ओळखपत्र. पण त्या २१ मध्ये हृदयविकार नाही, फुफ्फुसाचा आजार नाही. म्हणजे डोंबिवलीत असते तर बाबा कागदावर पूर्ण धडधाकट. इथली पद्धत मला म्हणून पटते की ती आजाराचं नाव विचारून थांबत नाही, पुढे विचारते की त्या आजाराने तुला किती चालता येतं. आपल्याकडेही सोसायटीच्या पार्किंगमध्ये, हॉस्पिटलच्या दारात, नाट्यगृहाबाहेर हा प्रश्न विचारला गेला पाहिजे असं मला फार वाटतं. नाट्यगृहाच्या पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून नाटक सोडलेली किती माणसं मला माहिती आहेत.

इथेही हे आपोआप आलेलं नाही, हे मला बर्कलीला गेल्यावर कळलं. एप्रिलमध्ये गेलो होतो, बाबांना बार्टची, म्हणजे इथल्या मेट्रोची, ट्रेन बघायची होती, म्हटलं जरा लांबच्या स्टेशनला नेऊ. ॲशबी स्टेशनच्या आवारातच एड रॉबर्ट्स कॅम्पस नावाची इमारत आहे, आत शिरलं की समोर एक भलाथोरला लाल गोल रॅम्प वरच्या मजल्यावर जातो. एड रॉबर्ट्स यांना चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, मानेखाली जवळजवळ काहीच हलत नव्हतं, रात्री लोखंडी फुफ्फुसाच्या यंत्रात झोपायला लागायचं. १९६२ मध्ये ते बर्कली युनिव्हर्सिटीत शिकायला आले, त्यांना ठेवायला योग्य हॉस्टेल नव्हतं तर कॅम्पसवरच्या हॉस्पिटलमध्ये राहिले. सरकारच्या पुनर्वसन खात्याने सांगितलं होतं की हा माणूस नोकरी करण्याच्या पलीकडे आहे, पुढे ते त्याच खात्याचे संचालक झाले. १९७७ च्या एप्रिलमध्ये तर सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत दीडशेच्या आसपास अपंग माणसं आणि त्यांचे साथी जाऊन बसले आणि जवळजवळ चार आठवडे उठलेच नाहीत, व्हीलचेअरवाले, आंधळे, बहिरे, औषधांशिवाय, जमिनीवर झोपून, आणि ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेच्या लोकांनी त्यांना रोज जेवण पोचवलं. अपंगांशी भेदभाव करू नका असं सांगणारा १९७३ चा कायदा होता पण त्याचे नियम सरकार काढत नव्हतं, त्यासाठी हे धरणं. २८ एप्रिलला सही झाली. १९९० चा अपंगांच्या हक्कांचा जो मोठा कायदा, एडीए, ज्याच्यामुळे पंचवीस गाड्यांच्या पार्किंगमध्येसुद्धा किमान एक जागा अशी ठेवावीच लागते, तो त्यानंतरचा.

हे सगळं मी बाबांना तिथल्या बाकावर बसून वाचून दाखवलं. त्यांनी आयुष्यात संप बघितलेत, मोर्चे बघितलेत, १९७४ चा रेल्वे संप त्यांच्या चांगला लक्षात आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चार आठवडे? आणि मी एका सहीला दोन आठवडे नखरे केले."

"नखरे नव्हते ते," मी म्हटलं.

मग लिफ्टने खाली प्लॅटफॉर्मवर गेलो. गाडी आली, दारं उघडली, बंद झाली, गेली. बाबा तिच्याकडे टक लावून बघत होते. मला म्हणाले डबा किती लांब असेल, मी फोनवर शोधून सांगितलं, सत्तर फूट. "म्हणजे आपल्याएवढाच की," असं म्हणून एकदम खूश झाले आणि मला हाताने थांबवून एकटेच प्लॅटफॉर्मवर चालायला लागले, कडेपासून नीट आत, हळूहळू, डाव्या हाताची बोटं मोजल्यासारखी हलवत. मी त्यांच्या मागे चार पावलं. एका खांबापाशी थांबले. खिशात हात गेला, रुमाल बाहेर आला, पण चष्मा काढला नाही. कपाळ पुसलं, वळले आणि मला सरळ सांगितलं, "दम लागला गं. बसू या जरा."

बाकावर बसलो. पुढची गाडी नऊ मिनिटांनी होती.